आधी भरती-ओहोटी, मग हॉटेल

पुढच्या महिन्यात आई, मी आणि माझी मावसबहीण असे तिघी शुक्रवार दुपार ते रविवार दुपार समुद्रकाठच्या एका शहरात जातोय. फिरायचं, खायचं, बस. बहिणीने ग्रुपवर पहिल्याच दिवशी हॉटेलच्या पंधरा लिंका टाकल्या आणि मी म्हटलं थांब गं, आधी मला त्या तारखांची भरती-ओहोटीची वेळ बघू दे. तिला वाटलं मी विषय टाळतेय. पण मी अगदी मनापासून सांगतेय, किनाऱ्यावरच्या शहरात दोनच दिवस असतील तर सगळ्यात आधी हेच बघायचं.

हे मला कळलं ते दोन वर्षांपूर्वीच्या ट्रिपमध्ये. आईला तिथल्या छोट्या बेटावर चालत जायचं होतं, पाणी ओसरलं की मधे दगडी वाट उघडी पडते तसलं बेट. आम्ही छान आवरून, नाश्ता करून साडेअकराला पोचलो तर वाट पाण्याखाली. म्हटलं ठीके, संध्याकाळी येऊ, तर संध्याकाळची ओहोटी अंधार पडल्यावर होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. आई काही बोलली नाही, काठावर उभी राहून बघत होती नुसती, आणि ते मला अजून लागतं. चूक शहराची नव्हती, वेळा छापलेल्या होत्या, आम्हीच बघितल्या नव्हत्या.

तर हिशोब असा. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसात दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, एका भरतीपासून दुसरी साधारण १२ तास २५ मिनिटांनी. म्हणजे सगळं रोज सरासरी ५० मिनिटांनी पुढे सरकतं, कारण चंद्रही तोवर थोडा पुढे गेलेला असतो. त्यामुळे मैत्रिणीने गेल्या आठवड्यात पाठवलेला "सकाळी आठला जा, मस्त पुळण मोकळी असते" हा सल्ला तुमच्या आठवड्यात अगदी उलटा पडू शकतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी खूप वर येतं आणि तेवढंच खूप मागेही जातं, आणि अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, तेव्हा फरक कमी. उधाणाच्या दिवसांत रोजचं सरकणं ५० मिनिटांपेक्षा थोडं कमी असतं, भांगाला जास्त. पण एवढं पाठ करायची गरजच नाही, त्या बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघायचं, शेजारच्या गावाचं नाही, कारण वीस-तीस किलोमीटरवरही वेळ बदलते.

आणि सगळीकडे हे सारखंच महत्त्वाचं असतं असंही नाही हां. भूमध्य समुद्राकाठी बहुतेक ठिकाणी पाणी इतकं कमी वर-खाली होतं की वेळापत्रक नाही बघितलं तरी चालतं. उलट फ्रान्सच्या साँ मालोला १२ मीटरपर्यंत फरक पडतो, तिथलं ग्रां बे बेट ओहोटीला पायी गाठता येतं आणि भरतीला तुम्ही तिथेच अडकता. कॅनडाच्या फंडीच्या उपसागरात तर १६ मीटरपर्यंत, म्हणजे चार-पाच मजली इमारतीच्या उंचीएवढं पाणी वर-खाली होतं असं समजा. म्हणून आपलं शहर कुठल्या प्रकारात बसतं हे आधी बघायचं.

आमच्या तारखांना ओहोटी शुक्रवारी संध्याकाळी ६:५० ला आहे. शनिवारी सकाळी ७:१० आणि संध्याकाळी साडेसातला, भरती दुपारी दीडच्या आसपास. हे कळल्यावर अर्धा प्लॅन आपोआप झाला. शुक्रवारी सामान टाकलं की थेट किनाऱ्यावर, किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे त्यामुळे सूर्य पाण्यातच बुडणार आणि नेमकं तेव्हाच पाणी मागे गेलेलं असणार, ओल्या वाळूत सगळं आकाश उतरतं ना ते बघायला मिळेल. (किनारा पूर्वेकडे असेल तर सूर्यास्ताच्या नावाने टेबल बुक करू नका, तिथे पहाटे उठा.)

बोट शनिवारी सकाळी दहाला. याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे खारे वारे. ऊन चढलं की जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून वारा आत यायला लागतो, तो दुपारी जोर धरतो आणि लाटा उठतात, आईला बोटीत त्रास होतो त्यामुळे सकाळच बरी. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं, हवेवर अवलंबून असलेली गोष्ट शेवटच्या दिवशी ठेवायची नाही. शनिवारी बोट रद्द झाली तर रविवार हातात आहे, रविवारी रद्द झाली तर संपलंच.

दुपारी म्युझियम आणि जुन्या गल्ल्या. तो वारा गार लागतो म्हणून ऊन कळत नाही आणि रात्री खांदे पेटतात, हे माझ्यासोबत झालंय, सनस्क्रीन दर दोन तासांनी परत लावायचं. म्युझियमची सुट्टी तपासा, कितीतरी ठिकाणी सोमवारी बंद असतं. आणि शहरात मोठी क्रूझ जहाजं येत असतील तर बंदराच्या साइटवर त्यांच्या तारखा असतात, एका जहाजातून तीन-चार हजार माणसं उतरतात, त्या दिवशी जुन्या भागात सकाळी दहा ते चार जाऊच नका. क्रोएशियातल्या डुब्रोव्निकसारख्या शहराला तर दिवसाला दोनच जहाजं अशी मर्यादा घालावी लागली, यावरून कल्पना येईल.

आता खाणं, ज्यासाठी बहीण येतेय. मी फक्त दोन जेवणं पक्की करते, बाकी मोकळी. पाण्यासमोरच्या टेबलाचे आणि चांगल्या जेवणाचे सूर जुळतातच असं नाही, जागेचं भाडं कुठूनतरी निघायचंच असतं. म्हणून समोर बसून कॉफी किंवा सरबत प्यायचं, सूर्य बुडायच्या अर्धा-पाऊण तास आधी जायचं, आणि जेवायला दोन गल्ल्या आत. आत गेल्यावर मेन्यू उघडायच्या आधी विचारायचं, आज काय आलंय? जिथे पटकन दोन-तीन नावं येतात तिथे बसायचं. सगळंच आहे म्हणाले तर बर्फातलं बरंच असणार. अख्खा मासा दाखवायला सांगायला लाजू नका, डोळे टपोरे आणि स्वच्छ, कल्ले लालभडक, बोटाने दाबलं की मांस परत वर यायला हवं, वास समुद्राचा यावा, नाकात जाणारा नाही. आणि वजनावर विकत असतील तर तव्यावर जायच्या आधी वजन आणि दर दोन्ही विचारून घ्या, बिल आल्यावरची वादावादी सगळी संध्याकाळ घालवते.

आदल्या दिवशी समुद्र खवळलेला असेल किंवा माशांच्या विणीच्या काळातली मासेमारी बंदी चालू असेल तर ताजं कमीच मिळणार, तेव्हा हट्ट नको, दुसरं काहीतरी खा. दुपारी तीन ते सात बऱ्याच ठिकाणी किचन बंद असतं, हेही फोन करून विचारलंय. मासळी बाजाराला मात्र आम्ही जाणार, लिलाव बघायचा तर पहाटे, नऊ वाजता गेलं की नुसता ओला ओटा दिसतो. तिथे पायात अडकायचं नाही आणि विचारल्याशिवाय फोटो काढायचे नाहीत, ती माणसं कामावर असतात.

हॉटेल सगळ्यात शेवटी बुक केलं, बंदरापासून पायी दहा मिनिटं. समुद्र दिसणारी खोली नाही घेतली, त्या पैशात एक जेवण निघतं आणि आपण खोलीत असणारच किती.

इथेही एक वाट आहे, छोट्या देवळापर्यंत जाणारी, ओहोटीलाच उघडी पडते. रविवारी ओहोटी ७:५० ला आहे, म्हणजे साडेसहा ते नऊ आरामात मिळतात, बस साडेअकराची. पाणी वळलं की मागे फिरायचं असं ठरलंय. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, रबरी चपला घेऊ ना गं, शेवाळ असेल.