सुडी पेटवणारा पोरगा

कादंबरीतला पोरगा तेरा वर्षांचाच ठेवायचा. शेळी तुरीत शिरली म्हणून मालकानं धुऱ्यावर चारचौघांत कानाखाली लावली, एवढंच कारण. त्याहून मोठं कारण दिलं की वाचक त्याला परस्पर माफ करून टाकतो, मग अपराधीपण लिहायचं कशाचं?

जळते ती सोयाबीनची सुडी, म्हणजे कापलेल्या पिकाची रचलेली गंजी. सोंगणी झाली, थ्रेशरचा नंबर लागेना, म्हणून दिवाळीच्या तोंडावर माल शेतातच ताडपत्रीखाली. चार एकर, एकरी सहा क्विंटल धरले तर 24 क्विंटल. 2024-25 च्या 4,892 रुपये हमीभावानं 1,17,408 रुपये. बैलांचं कुटार, म्हणजे भुसकट, गेलं ते वेगळंच. त्या हंगामात पीकविमा काढणीनंतर 14 दिवसांपर्यंत अवकाळी पाऊस, गारपीट धरायचा; कोणी मुद्दाम लावलेली आग त्यात बसत नव्हती.

हा आकडा पोराला कळला पाहिजे, तोही आईच्या पाठीवरून. तिची कापूस वेचणी दहा रुपये किलो, दिवसाला 40 किलो धरली तरी 294 दिवस, आणि हंगाम मोजून तीन-चार महिन्यांचा. पोरगा स्वतः मजुरी करून फेडतो ते प्रकरण रद्द. चौदाच्या आतल्याला दुसऱ्याच्या शेतात मजुरीला लावणंच बेकायदा.

कबुली शेवटच्या पानावर नको, मध्यावर. वैशाखात, पारावर, सगळ्यांसमोर.

पुढची पोलिसांची प्रकरणं सिनेमासारखी झाली तर सगळं मुसळ केरात. बेड्या नाहीत, कोठडी नाही. ताब्यात घेतलंच तर 24 तासांत बाल न्याय मंडळापुढे. तिथे एक दंडाधिकारी, दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यात एक तरी बाई. उंच चौथरा नाही की आरोपीचा पिंजरा नाही. सोळाच्या आतल्यावर प्रौढ म्हणून खटला चालतच नाही. समज, समुपदेशन, आईबापांना दंड, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर घरी, यातलं काहीही होऊ शकतं. विशेषगृहात, म्हणजे सुधारगृहात, पाठवलं तरी जास्तीत जास्त तीन वर्षं. 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 74 नाव छापू देत नाही. पेपरात नाव नाही आणि गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक! कस इथे आहे. लिहिणारे मात्र निकाल लागला की पेन ठेवतात.

खरा भुर्दंड पडलाय सालदाराला, म्हणजे गुढीपाडवा ते गुढीपाडवा वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याला. उचलीवरून, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांवरून, त्याची मालकाशी कुरबुर होती, संशय त्याच्यावर गेला, आणि पाडव्याला मालकानं त्याचं साल पुन्हा धरलं नाही. पैसे आज ना उद्या फिटतील, पण याचं काय परत करणार? पोरगा शोधत जातो तेव्हा तो दुसऱ्या गावी राबतोय. "आता सांगून काय होते बाबू? इकडची उचल घेतली न म्या." एवढं बोलून त्यानं बैल जुंपायचे. रडणं नाही, गळ्यात पडणं तर मुळीच नाही.

म्हणजे पोराला पुढच्या पाडव्यापर्यंत थांबणं आलं. ते अकरा महिने कसे भरायचे, उद्या बघू. मृगाच्या पेरणीपासून धरावं बहुतेक.