चंचीतले सागरगोटे

आत्याच्या चंचीला पाच कप्पे होते. सुपारी, लवंगा, बडीशेप, सुई-दोरा, आणि सगळ्यांत आतल्या कप्प्यात पाच सागरगोटे, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेले. माळ घातली तशी तिची तंबाखू सुटली, चंची मात्र सुटली नाही. 2024 च्या माघात, वयाच्या 91 व्या वर्षी, ती रात्री झोपेतच गेली. सकाळी उशी उचलली तर खाली चंची. आतेभावानं ती माझ्या हातावर ठेवली. "तू घे. आमच्यात कुणाला खेळायला येतंय?"

त्या दिवशीच मी ठरवलं की यंदाची वारी करायची. आळंदी ते पंढरपूर, पूर्ण, आणि तिच्याच दिंडीतून. याआधी तिच्याबरोबर मी दोनदा चालले होते, पण पुणे ते सासवड एवढंच. घाट चढायचा, सोपानकाकांच्या समाधीचं दर्शन घ्यायचं आणि एसटीनं परत. दोन्ही वेळा ती म्हणाली होती, "नुसतं जेवणाचं ताट बघून उठलीस गं."

ती स्वतः वयाच्या 43 व्या वर्षी पहिल्यांदा गेली. नवरा जाऊन वर्ष झालं होतं, पदरात तीन मुलं. सासरचे म्हणाले, जाऊ दे, जरा देवाधर्मात मन रमेल. ती गेली आणि परत आली ती गालावर बुक्का, पायाला फोड आणि तोंडभर हसू घेऊन. कुणाकुणाला ते खटकलं. विधवा बाईनं एवढं हसावं का, असं लोक तिच्या तोंडावर बोलले. आत्या म्हणायची, "पांडुरंगाला काय रडकी माणसं कमी येतात? एखादं हसरं गेलं तर त्याला बी बरं वाटंल." तेव्हापासून वयाच्या 82 व्या वर्षापर्यंत तिनं एकही वारी चुकवली नाही.

त्यानंतर गुडघ्यांनी साथ सोडली. पण खरी वारी मला दिसली ती 2020 साली. करोनामुळे पायी सोहळा निघाला नाही, माउलींच्या पादुका दशमीला एसटीनं पंढरपूरला गेल्या. आत्या तेव्हा 87 वर्षांची. तिनं फलटणच्या घराच्या अंगणात, तुळशीभोवती, काठी टेकत रोज वीस फेऱ्या घातल्या. संध्याकाळी मला फोन यायचा. "आज सासवड." दुसऱ्या दिवशी, "आज बी सासवडच, दोन मुक्काम असतात तिथं." मग जेजुरी. त्या दिवशी तिनं सुनेकडून हळद मागून घेतली आणि भंडारा म्हणून अख्ख्या घरादारावर उधळली. सून चार दिवस भिंती पुसत होती, आणि हसत होती. वाल्हे झालं, मग नीरा. नीरेला म्हणे तिनं परातीत पाणी घेऊन घरातल्या फोटोतल्या पादुकांना स्नान घातलं. वाखरीला पोचली त्या संध्याकाळी फोनवर आवाज बारीक झाला होता. "उद्या पंढरपूर. पण या वेळी गर्दी नाही गं बाई, करमत नाही."

माझ्या वारीत दिवेघाटाचा दिवस 2 जुलैला आला, योगिनी एकादशी. पुणे ते सासवड ही वाटेतली सर्वांत लांब चाल, जवळपास 30 किलोमीटर, आणि पोटात उपासाचं. घाटाच्या वळणावरून मागं पाहिलं. खालपासून वरपर्यंत पताका, तुळशीची वृंदावनं आणि पांढरे फेटे, आणि मधे बैलजोड्या लावलेला माउलींचा रथ. इथं आत्या थांबायची आणि मागच्या माणसांना मोठ्यानं ओरडून सांगायची, "लवकर या, वर फुकट वारा आहे!" मी कमरेच्या चंचीला हात लावला. घाटात वारा होताच.

वारी लांबून पाहणाऱ्याला टाळ-मृदंग दिसतो. आत राहणाऱ्याला पहाटे तीन वाजताचा टँकर दिसतो. अंधारात चार बायका साड्या धरून आडोसा करतात, पाचवी आंघोळ उरकते. सामान ट्रकमध्ये चढवायचं, तंबू सोडायचे, चहा घेतला न घेतला तोवर दिंडीत आपल्या जागी उभं राहायचं. चौथ्या दिवशी माझ्या टाचेला रुपयाएवढा फोड आला. दिंडीतल्या लातूरकडच्या एका मावशींनी माझा पाय सरळ मांडीवर घेतला. मी चंचीतला सुई-दोरा काढून दिला. त्यांनी फोडातून दोरा ओवला, पाणी निथळू दिलं, दोरा तसाच आत ठेवला, वर खोबरेल. मग चंचीकडे पाहून म्हणाल्या, "ही चंची म्या वळखते की. ही तर आमच्या फुगडीवाल्या आक्काची."

त्या वीस वर्षं आत्याबरोबर चालल्या होत्या. त्यांच्याकडून मला माझी आत्या नव्यानं कळली. घरी ती आमची गमतीदार आत्या होती, पत्त्यात लबाडी करणारी, लग्नात उखाण्यात व्याह्यांना गुंडाळणारी. दिंडीत ती फुगडीवाली आक्का. बसफुगडी, दंडफुगडी, एका हाताची फुगडी, सगळ्या यायच्या. सत्तरी ओलांडल्यावरसुद्धा विसाव्याच्या ठिकाणी तरुण पोरी तिला शोधत यायच्या. रात्री भारूड असलं की सोंग घ्यायला हीच पुढं. दिंडीप्रमुख महाराजांचाच फेटा बांधून, त्यांच्याच चालीत चालून तिनं एकदा असं सोंग काढलं होतं की महाराज उपरण्यात तोंड लपवून हसत राहिले. आणि कुणी नवी बाई पहिल्या चार दिवसांत घरच्या आठवणीनं रडायला लागली की आक्का तिच्यासमोर फतकल मारून बसायची, चंची सोडायची आणि सागरगोटे मांडायची. एक शब्द विचारायची नाही. "ही म्हणायची, खेळ आधी, मग सांग," मावशी म्हणाल्या. "खेळून झाल्यावर सांगायला काई उरतच नव्हतं."

मला हे ठाऊक नव्हतं. पन्नास वर्षं मला वाटत होतं, ते सागरगोटे तिच्या लहानपणाची आठवण म्हणून आहेत.

फलटणला पालखीचा तळ विमानतळाच्या मैदानावर असतो. मी तिथून आत्याच्या घरी जाऊन आले. आतेभाऊ आणि वहिनी दारातच पिठलं-भाकरी आणि ठेचा वाटत उभे होते, तिच्या वेळी होता तसाच. तुळशीभोवती फरशीवर काठीच्या टोकाचे बारीक ठिपके पडले आहेत, 2020 सालच्या फेऱ्यांचे. वहिनींनी मला ते दाखवले. मी तिथं फार वेळ थांबले नाही.

पुढचा प्रवास पायांना सवय झाल्यावर सोपा गेला. बरड, नातेपुते, पुरंदवड्याचं गोल रिंगण, माळशिरस. रिंगणात माउलींचा अश्व धावतो, त्याच्यावर स्वार नसतो. त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला लोक धावतात. आत्या ती माती कपाळाला लावायची आणि चिमूटभर गुडघ्यांना चोळायची. मीही चोळली.

खुडूसचं रिंगण करून वेळापूरकडे जाताना धावा येतो. तुकोबारायांना इथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, असं सांगतात. म्हणून इथं सगळे उतारावरून धावतात. म्हातारी माणसं, पोरं, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, वीणा गळ्यात असलेले बुवा, सगळे. मी धावले. शाळा सुटल्यानंतर एवढी मोकळी कधी धावले नव्हते. तोंडातून तुकारामांचं नाव, डोळ्यांतून पाणी, आणि कानात आत्याचा आवाज, "पळ गं, पळ, कुणी बघत नाही!"

वेळापूरला तंबूत येऊन कमरेला हात लावला आणि चंची नव्हती.

नाडी तुटली असणार. मी परत त्या उतारापर्यंत गेले. अंधार पडत होता, हजारो माणसं तिथून येऊन गेली होती. चपला, रुमाल, पाण्याच्या बाटल्या, एक लहान मुलाचं झबलं. चंची नाही. त्या रात्री मला झोप आली नाही. माघात आत्या गेली तेव्हा मी रडले नव्हते, सगळ्यांचं करण्यात दिवस गेले. आता ताडपत्रीवर आडवी पडून रडले. शेजारून मावशींनी हात लांब केला. "कशाला रडलालीस माय? माउलीच्या वाटंवर हरवलंय. वाटंवरच असंल."

दुसरा दिवस कसा चालला ते नीट आठवत नाही. ठाकूरबुवांच्या समाधीजवळ रिंगण झालं, पुढं सोपानकाकांच्या पालखीची भेट झाली, दोघं भाऊ भेटले म्हणून सगळे गहिवरले. मी रांगेत होते एवढंच. भंडीशेगावला पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती.

समाजआरती ज्यानं पाहिली नाही त्याला सांगायला हवं. तळावर पालखीभोवती सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. शेकडो मृदंग, हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात, शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. मग चोपदार चोप उंच करतात, आणि तो सगळा कल्लोळ एका क्षणात बंद पडतो. एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर ती तेवढी टाळ वाजवत राहते, चोपदार तिच्याकडे जाऊन ऐकून घेतात. मग पुकारा होतो, वाटेत काय हरवलं, काय सापडलं. नंतर दुसऱ्या दिवसाची वेळ सांगतात आणि आरती होते.

आत्याला आरतीइतकाच तो पुकारा आवडायचा. "एवढा मोठा देव, आणि कुणाचा चष्मा कुठं पडला ते बी बघतो," म्हणायची. एकदा नातेपुत्याला तिला पाण्याच्या टँकरपाशी कवळी सापडली. केळीच्या पानात गुंडाळून तिनं ती नेऊन दिली. पुकारा झाला, आणि गर्दीतून एक आजोबा तोंडावर उपरणं धरून पुढं आले. ही गोष्ट आम्हां भाचरांना तिनं किती वेळा सांगितली असेल! दर वेळी ती आजोबा व्हायची, चोपदार व्हायची, आणि शेवटी कवळीसुद्धा व्हायची.

त्या संध्याकाळी पुकारा सुरू झाला. मोबाइल, दोन चष्मे, आधारकार्ड, एक मंगळसूत्र. आणि मग, "एक कापडी चंची सापडली आहे. आत लवंगा, सुपारी, बडीशेप..." आवाज जरा अडखळला. "...आणि सागरगोटे."

त्या शांततेत कुठून तरी बायकांचं हसू फुटलं. एका टोकाला सुरू झालेलं ते हसू दिंड्यादिंड्यांमधून सरकत आमच्यापर्यंत आलं. आमच्या दिंडीतल्या जुन्या बायका तर पदर तोंडाला लावून हलत होत्या. "आक्काच ती," मावशी म्हणाल्या, "गेली तरी पुकाऱ्यात आली." मी हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही. माउलींसमोर, एवढ्या समाजात, माझ्या आत्यानं सगळ्यांना हसवलं होतं.

चंची घ्यायला गेले तेव्हा खूण विचारली. मी सांगितलं, पाच कप्पे, हिरवी नाडी, सुई-दोरा, पाच सागरगोटे. सेवेकऱ्यांनी तळहातावर ओतून मोजले. चार होते.

"एक कमी आहे, माउली," ते म्हणाले, जणू त्यांचाच दोष असावा. मी त्यांच्या पाया पडले, ते माझ्या पाया पडले.

रात्री तंबूत हरिपाठ झाला, जेवणं झाली. दिंडीत या वर्षी नवी आलेली एक मुलगी, विशीची असेल, कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. घरी काही झालं होतं की नुसतेच पाय दुखत होते, माहीत नाही. मी तिच्यासमोर जाऊन फतकल मारली आणि चंची सोडली. चार सागरगोटे सतरंजीवर टाकले. मावशी उठल्या, बाहेर गेल्या, आणि सागरगोट्याएवढा एक वाटेवरचा दगड घेऊन आल्या. पदरानं पुसून त्यांनी तो चारांत ठेवला.

मुलीनं डोकं वर केलं. मी दगड उडवला, खालचा एक उचलला, आणि झेलायला चुकले.

"माझा डाव," ती म्हणाली आणि हात पुढं केला.