सेल्फ फिरतोय, गाडी स्टार्ट होईना

मागच्या नोंदीत दरवाज्यांचं रबरी बीडिंग बदलल्याचं लिहिलं होतं आणि पुढचा नंबर सस्पेन्शनचा, असं जाहीरही करून टाकलं होतं. ते राहिलं बाजूला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात माझ्या २००४च्या एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल घेणाऱ्या) हॅचबॅकने सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसकण मारली आणि तीन आठवडे त्यातच गेले.

लक्षण असं. सेल्फ मस्त फिरतो, पण इंजिन पकडत नाही. पाच-सहा वेळा चावी मारली की कधी तरी खोकत खोकत चालू होते. आणि एकदा चालू झाली की काही म्हणून तक्रार नाही. पुणे-सातारा जाऊन या, खंबाटकीचा घाट चढवा, झटकासुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. पाऊस झाला असेल तर हमखास.

आणखी एक गंमत. वॉचमन काकांनी आणि दूधवाल्याने मिळून धक्का दिला की दहा पावलांत, सेकंड गिअरला, पहिल्या झटक्यात स्टार्ट. त्यामुळे पार्किंगमधल्या तमाम तज्ज्ञांचं एकमत झालं: बॅटरी गेली. बॅटरी आठ महिन्यांची होती. तरी तपासली, चांगली निघाली. धक्क्याचा हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

खरं तर हे दुखणं मे महिन्यातच सुरू झालं होतं. तेव्हा मी घाईत होते म्हणून जवळच्या गॅरेजमध्ये दिली. त्यांनी टाकीजवळ कान लावला, पंपाचा आवाज क्षीण आहे म्हणाले आणि नवा फ्युएल पंप टाकला. चार हजार गेले. (घरी ‘पंप खराब झालाय’ सांगितल्यावर बाबांनी विचारलं, ‘कोपऱ्यावरचा? मग पुढच्या पंपावर भर ना.’) पंधरा-वीस दिवस गाडी गुणाने वागली, म्हणून मीही विषय सोडून दिला. आता नव्या पंपानेही तीच रड लावल्यावर ठरवलं, यापुढे एकही पार्ट विकत घ्यायचा नाही. आधी मोजायचं.

पहिला रविवार

सुरुवात नेहमीच्या प्रश्नापासून: करंट की पेट्रोल? एअर फिल्टरचा पाइप सोडवून थ्रॉटल बॉडीत (इंजिनात हवा शिरते ती वाट) कार्ब क्लीनरचा, म्हणजे पेट घेणाऱ्या स्प्रेचा, छोटा फवारा मारला आणि सेल्फ मारला. इंजिन दोन सेकंद फुरफुरलं आणि बंद पडलं. म्हणजे प्लगला स्पार्क आहे, उपास पेट्रोलचा आहे.

मग मागचं सीट काढून (टाकी आणि पंप त्याखाली) चावी ऑन केली. या गाड्यांमध्ये चावी ऑन करताच ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पंपाला दोन-तीन सेकंद चालवतो, लाइनमध्ये प्रेशर भरून घेतो आणि इंजिन फिरत नाहीये असं दिसलं की पंप बंद करतो. अपघातात इंजिन थांबलं तरी पंप पेट्रोल फेकत राहू नये म्हणून ही सोय. ती ‘झुंईं’ ऐकू आली, पण मरतुकडी. नाना पेठेतून आणलेलं प्रेशर गेज टी-जॉइंटने लाइनला लावलं. इथे साधारण ३ बार यायला हवं. काटा १.२ वर घुटमळला. नव्या पंपाचा!

जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या काळात हे प्रकरण किती सोपं होतं, हे बाबा दर दहा मिनिटांनी गॅलरीतून सांगत होते. तिचा पंप इंजिनावर, मेकॅनिकल. उन्हाळ्यात घाटात गाडी बंद पडली की पंपावर ओलं फडकं टाकायचं, चहा प्यायचा, पंपाची बारकी दांडी हाताने चार वेळा हलवायची, की निघाले. आता पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेला. पेट्रोलच त्याला थंड ठेवतं, म्हणून कायम रिझर्व्हवर गाडी चालवणाऱ्यांचे पंप लवकर जातात. ओलं फडकं कुठे टाकणार?

त्याच दिवशी केलेली चूकही लिहून ठेवते. पंपाचा कपलर (वायरी जोडणारं सॉकेट) काढला, मल्टिमीटरच्या पिना कपलरच्या दोन टोकांना लावल्या, चावी ऑन केली. १२.१ व्होल्ट. वहीत ठसठशीत लिहिलं, ‘सप्लाय ओके’. आणि आठवडाभर नवा पंपच डुप्लिकेट असणार म्हणून दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या घालत बसले.

मधला आठवडा

पंपाचा रिले (पंप चालू-बंद करणारा विजेचा स्विच) बदलून पाहिला. हॉर्नचा रिले त्याच जातीचा आहे, अदलाबदल केली, फरक शून्य. फ्यूज १५ अँपिअरचा, शाबूत.

बुधवारी रात्री भांडी घासताना (खोटं नाही) ट्यूब पेटली. पाण्याचा पाइप मध्येच मुडपलेला असेल आणि तुम्ही टोकाला अंगठा दाबून धरला असेल, तर अंगठ्याला प्रेशर पूर्णच जाणवतं. अंगठा काढला की कळतं, धार नाहीच. मी कपलर काढून मोजलं होतं, म्हणजे अंगठा दाबून. मल्टिमीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. वायरचा एक केसाएवढा तंतू शिल्लक असला तरी तो मीटरला १२ व्होल्ट इमानेइतबारे दाखवतो. पंपाला तीन-चार अँपिअर लागले की तो तंतू हात वर करतो.

दुसरा रविवार

रात्रभर पाऊस. उत्तम. रोगी तापात असतानाच तपासायचा.

तयारी आधी सांगते, कारण खाली पेट्रोलची टाकी आहे. सगळ्या काचा आणि डिकी उघडी, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली, अग्निशामक सिलिंडर हाताशी, टाकीवरची प्लेट बंदच. मोजणीच्या सगळ्या वायरी आधी जोडून घ्यायच्या आणि मगच बॅटरी लावून सप्लाय द्यायचा, तोही पुढे फ्यूज बॉक्सपाशी. ठिणगी उडालीच तर ती डॅशबोर्डखाली उडेल, टाकीवर नाही. टाकीपाशी पिना इकडून तिकडे टोचत बसायचं नाही.

कपलर या वेळी जोडलेलाच ठेवला. पाठीमागून, रबरी सीलच्या कडेने, दोन बारीक टाचण्या आत सरकवल्या आणि त्यांना लांब वायरी लावल्या. टापकीर गल्लीतून पाच मीटर वायर आणि मगर-चिमटे आणले होते. फ्यूज बॉक्समधला पंपाचा रिले काढून त्याच्या ३० (करंट आत येतो ती) आणि ८७ (पंपाकडे जातो ती) या खाचा फ्यूज लावलेल्या वायरने जोडल्या, म्हणजे पंप सलग चालत राहतो. एकदा त्या वायरीऐवजी मल्टिमीटरच १० अँपिअरच्या रेंजवर मध्ये घातला: पंप ३ अँपिअर खात होता.

आता आकडे. बॅटरीवर १२.२ व्होल्ट. पंपाच्या दोन टाचण्यांमध्ये ७.५.

साडेसात! बिचाऱ्या पंपाला अर्ध्या पोटी राबवत होते आणि वर बदलूनही टाकला.

उरलेले ४.७ व्होल्ट कुठे सांडतायत ते शोधायला मीटर उलट्या पद्धतीने लावायचा. एक पिन बॅटरीच्या प्लसवर, दुसरी पंपाच्या प्लस टाचणीवर. पंप चालू असताना इथे जेमतेम पाव-अर्धा व्होल्ट दिसायला हवा. आला ३.४. मग एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी पंपाच्या अर्थच्या टाचणीवर: १.३. बेरीज करून बघा, हिशेब पैशाला पैसा जुळतो. एक नाही, दोन गळत्या.

मोठी आधी. बॅटरीच्या प्लसपासून रिलेच्या ८७पर्यंत फक्त ०.२. म्हणजे रोग फ्यूज बॉक्सच्या पुढे आणि मागच्या सीटच्या अलीकडे. स्टिअरिंगखालचं कव्हर काढलं, मोबाइलचा टॉर्च तोंडात धरला, आणि हाताला काळ्या चिकटपट्टीचा लिंबाएवढा गोळा लागला. गरम! चटका बसावा इतका नाही, पण पट्टीचा गोंद पाघळून बोटांना चिकटत होता. मोजलं तर त्या एका गोळ्यावर ३.१ व्होल्ट पडत होते. तीन अँपिअरने गुणलं की नऊ वॉट. एवढी उष्णता त्या पट्टीत कोंडून बसली होती.

पट्टी सोलली. आधीच्या मालकाने कधी काळी बसवून घेतलेला चोर-अलार्म. त्याचा भोंगा कधीच मेला, रिमोट मी पाहिलेलाही नाही, पण त्याचा रिले अजून पंपाच्या वायरीत ठाण मांडून होता. पंपाची वायर मधोमध कापायची, दोन्ही टोकं या रिलेला जोडायची, म्हणजे चोराला पेट्रोल मिळत नाही. कल्पना ठीक. पण जोड कसा, तर वायरी दातांनी सोलून, एकमेकींना पीळ देऊन, वर पट्टी. ना सोल्डर, ना थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी). पिळाच्या आत तांब्याच्या तारा काळ्याठिक्कर, आणि तांब्याच्या तपेल्यात ताक राहिलं की चढतो तसा हिरवा थर. अर्ध्या तारा तर बोट लावताच गळून पडल्या. एवढ्या जोडावर मी घाट चढत होते.

तो सगळा संसार काढून टाकला. दीड स्क्वेअर एमएमचा नवा तुकडा, दोन्ही बाजूंना नीट दाबलेले जोड, वर हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी). सोल्डर की क्रिंप (दाबून केलेला जोड), हा वाद तुम्ही सवडीने घाला. माझं मत क्रिंप, कारण थरथरणाऱ्या गाडीत वायर सोल्डरच्या कडेला कडक होते आणि तिथेच मोडते.

आता त्या धक्क्याच्या कोड्याकडे. सेल्फ फिरताना बॅटरी दहा व्होल्टवर येते, गळत्या वजा जाता पंपाच्या वाट्याला जेमतेम सहा उरतात. धक्का दिला की सेल्फ नाही, बॅटरी बसत नाही, पंपाला निदान साडेसात मिळतात आणि तेवढ्यावर इंजिन पकडतं. एकदा चालू झालं की अल्टरनेटर चौदाच्या आसपास देतो, मग तर गळती सोसूनही भागतं. म्हणून घाटात काही नाही आणि पार्किंगमध्ये नाटकं. नवा पंप टाकल्यावर पंधरा दिवस बरं वाटलं तेही, माझ्या मते, त्या खटपटीत कपलर काढ-घाल झाला, वायरी हलल्या, एवढ्यामुळेच.

तिसरा शनिवार

अर्थची गळती बाकी होती. पंपाची अर्थ वायर डिकीच्या डाव्या कोपऱ्यात, गालिच्याखाली, एका बोल्टवर बॉडीला जोडलेली आहे. गालिचा उचलला तर खालची फोम पिळून पाणी निघालं. मागच्या लाइटचं गॅस्केट वाळून तडकलंय, तिथून झिरपत होतं. (बीडिंग बदलून मी समजत होते, आता गाडीत थेंब येणार नाही.) बोल्ट बाहेरून दिसायला बरा, पण थिंबलच्या खाली गंजाची चकती. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, नवं थिंबल, दातेरी वॉशर, घट्ट आवळलं आणि मग वरून व्हॅसलीन. क्रम महत्त्वाचा: आधी आवळायचं, मग चोपडायचं.

पुन्हा मोजणी: बॅटरी १२.२, प्लसच्या बाजूला ०.३, अर्थला ०.१, पंपावर ११.८. करंट साडेचार अँपिअर. प्रेशर चावी ऑन करताच ३ बारला. आणि तो आवाज! ‘झुंईं’ नाही, चांगला खणखणीत सूर. दुसऱ्या मजल्यावरून बाबांना ऐकू आला म्हणे, पण त्यांच्यावर किती विश्वास ठेवायचा हा प्रश्न आहे.

खरी चपराक यानंतर बसली. गेलं वर्षभर माझा पेट्रोलचा काटा विचित्र वागत होता. चावी ऑन केली की अर्ध्यापर्यंत चढायचा, इंजिन चालू केलं की हळूहळू उतरत पावाच्या खाली जाऊन बसायचा. मी म्हणायचे, वय झालं. पण टाकीतल्या फ्लोटची (काट्याला पेट्रोलची पातळी सांगणारा तरंगता गोळा) आणि पंपाची अर्थ वायर एकच आहे. पंप चालू झाला की गंजलेल्या बोल्टवर १.३ व्होल्ट साठायचे, तेवढे काट्याच्या वाट्याचे कमी व्हायचे आणि तो खाली यायचा. पंप थांबला की पुन्हा वर. म्हणजे पंपाची अर्थ खराब आहे हे डॅशबोर्डवर वर्षभर दिसत होतं, आणि मी चार हजारांचा पंप टाकीत सोडला. तुमच्यापैकी कोणाचा काटा इंजिन चालू केल्यावर असा उतरत असेल, तर आज संध्याकाळीच मीटर घेऊन डिकीत शिरा.

बाकी राहिलेलं: मागच्या लाइटचं गॅस्केट अजून मिळालेलं नाही, तोवर आतून सिलिकॉन. गाडी रात्रभर उभी राहिली की प्रेशर शून्यावर येतंय, इंजेक्टर ठिबकतोय की पंपाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे फिरू न देणारा) गळतोय, ते पुढच्या रविवारी. कोणी इंजेक्टर घरच्या घरी तपासले असतील तर पद्धत कळवा. सस्पेन्शन दिवाळीनंतर.

संध्याकाळी बाबांना घेऊन सारसबागेपर्यंत चक्कर मारली. इंजिन चालू, काटा अर्ध्यावर, हलायला तयार नाही. बाबांनी दोनदा वाकून बघितलं.

‘पेट्रोल कधी भरलंस गं?’