छांगू, नथुला आणि आईचं व्होटर कार्ड

सिक्कीमच्या आठ दिवसांतला एक अख्खा शनिवार मी गंगटोकमध्ये एका ट्रॅव्हल एजंटच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर काढला. न्यू जलपाईगुडीपर्यंतची ट्रेन, तिस्तेकाठचा रस्ता, हॉटेल, सगळं बिनबोभाट झालं होतं.

बेत असा होता: रविवारी छांगू तलाव आणि नथुला खिंड, मग उत्तरेला लाचेन गाव नि गुरुडोंगमार तलाव. चीनची हद्द जवळ, म्हणून परमिट लागतं आणि ते नोंदणीकृत एजंटमार्फत काढावं लागतं. आदल्या दिवशी फोटो आणि ओळखपत्राची झेरॉक्स द्यायची. फोनवर एजंट म्हणाला होता, "कोई भी आयडी चलेगा, दीदी." समोर बसल्यावर म्हणाला, पॅन चालत नाही, आधारही नको, व्होटर कार्ड, पासपोर्ट किंवा लायसन्स द्या. आम्हा नवरा-बायकोचे पासपोर्ट होते. आईकडे फक्त पॅन आणि आधार.

तिचं व्होटर कार्ड घरी, कपाटाच्या लॉकरमध्ये. "किल्ली शेजारच्या काकूंकडे आहे ना?" मी विचारलं. आईने शांतपणे पर्स उघडली आणि किल्ली टेबलावर ठेवली.

मग नवऱ्याला आठवलं की व्होटर कार्डाची पीडीएफ मिळते. २०२१ पासून ही सोय आहे. माहिती भरली, बटण दाबलं, ओटीपी गेला. कुठे? मतदार यादीत नोंदलेल्या आईच्या जुन्या नंबरवर. ते सिम आता भाचा वापरतो, आणि भाचा क्लासमध्ये फोन बंद करून बसलेला. मी फोन लावत राहिले, एजंट घड्याळ बघत राहिला, आई मात्र त्याच्या बायकोकडून मोमोची चटणी शिकत होती. मला तिचाच राग येत होता, खरं सांगते. भाच्याचा फोन लागला तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि रविवारच्या परमिटचे कागद कधीच गेले होते.

सोमवारी जाऊ, असं म्हणाल, तर पर्यटकांसाठी नथुला सोमवार-मंगळवारी बंद असतं. हे तुम्ही तिकीट काढण्याआधीच कॅलेंडरवर बघून ठेवा. आम्हाला सोमवारी नुसतं छांगू मिळालं. १२ हजार फुटांवरचं ते पाणी, काठावरचे सजवलेले याक, सगळं सुंदर. पण समोरून नथुलाकडे वळणारा रस्ता दिसला की माझा जीव जळायचा.

लाचेनच्या वाटेवर टुंगच्या चौकीत परमिट तपासतात. झेरॉक्स भरपूर ठेवा, व्होटर कार्डाच्या दोन्ही बाजूंची, कारण पत्ता मागे असतो. पासपोर्ट साइज फोटो घरून न्या. प्रत्येक परमिटला दोन, मी सांगते आठ न्या. सिलिगुडीची गाडी गंगटोकपर्यंतच. पुढे सिक्कीमची गाडी करावी लागते. ओटीपीची भानगड असेल तर ती गंगटोकमध्येच उरका, उत्तरेला नेटवर्कचा भरवसा नाही. आणि हो, प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्या लाचेनमध्ये चालत नाहीत, थर्मास घ्या.

गुरुडोंगमारला पहाटे चारला निघालो, कारण दुपारी वारा सुटतो. तलाव १७ हजार फुटांच्याही वर आहे. थांगूच्या पुढे माझं डोकं ठणकायला लागलं, नवरा खिडकीला टेकून गप्प. आई खाली उतरली, पाण्यापर्यंत गेली आणि परत येऊन म्हणाली, "तुम्हा दोघांचे पासपोर्ट काय कामाचे?"

घरी आल्यावर मतदार यादीतला तिचा नंबर बदलायला फॉर्म ८ भरायला बसले. ओटीपी पुन्हा भाच्याकडे गेला. तो क्लासला होता.