त्रिकोणी संख्यांच्या श्रेणीचा वर्ग करताना

न ही संख्या दोन त्रिकोणी संख्यांची (०, १, १+२, १+२+३ अशा बेरजांची) बेरीज म्हणून किती प्रकारे लिहिता येते, याची क्रमिका मला न = १६ पर्यंत हवी होती. ०, १, ३, ६, १०, १५ हे घातांक घेतले की जनक फलन, म्हणजे मोजणीचे आकडे सहगुणकांत साठवणारी श्रेणी, तयार होते:

प = १ + क्ष + क्ष^३ + क्ष^६ + क्ष^१० + क्ष^१५ + …

सुरुवातीचा १ शून्याचा आहे, तो गाळू नका. प चा वर्ग केल्यावर सहगुणक असे आले:

१, २, १, २, २, ०, ३, २, ०, २, २, २, १, २, ०, २, ४

यात क्रम धरलेला आहे: ४ साठी ३+१ आणि १+३, तर ६ साठी ६+०, ०+६ आणि ३+३.

घोळ होतो तो शेपटाला. श्रेणी क्ष^१० ला तोडली तर १५ चा सहगुणक ० आणि १६ चा २ येतो. १४ पर्यंत सगळे बरोबर असल्याने शंकाही येत नाही. म्हणून मी प्रत्येक पद स्वतंत्रपणे पडताळतो. त्रिकोणी संख्येची आठपट अधिक १ हा विषम संख्येचा वर्ग असतो, त्यामुळे सगळा प्रश्न ४न+१ ही दोन वर्गांची बेरीज आहे का, यावर येतो. ४न+१ चे विभाजक लिहा. ४ ने भागल्यावर १ उरणारे जितके, त्यातून ३ उरणारे वजा करा, तोच सहगुणक. न = १६ ला ६५ चे विभाजक १, ५, १३, ६५, म्हणून ४. न = ५ ला २१ चे १ आणि २१ विरुद्ध ३ आणि ७, म्हणून ०.

प्रोग्रॅममध्ये प साठी गणितज्ञ गाऊसचे गुणाकाररूप वापरले: वर (१−क्ष^२)(१−क्ष^४)…, खाली (१−क्ष)(१−क्ष^३)…. घातांक १६ पर्यंतचे गुणक पुरतात. (१−क्ष^क) ने भागताना सहगुणकांच्या यादीत चढत्या क्रमाने जाऊन क जागा मागचे पद मिळवायचे. गुणताना मात्र उतरत्या क्रमाने जाऊन वजा करायचे. गुणतानाही चढत्या क्रमाने गेलात तर आधीच बदललेली पदे पुन्हा वापरली जातात आणि प्रत्यक्षात (१+क्ष^क) ने भागाकार होतो. यादीत ०, १, ३, ६, १०, १५ या जागी १ आणि बाकी सगळीकडे ० दिसले पाहिजेत.

वर्गाचा पुन्हा वर्ग केला तर १, ४, ६, ८, १३, १२… येतात: २न+१ च्या विभाजकांची बेरीज. न = ४ ला १+३+९ = १३. मला हे सूत्र या विषयात सर्वांत देखणे वाटते. प च्या घनात तर एकही सहगुणक शून्य येत नाही. प्रत्येक संख्या तीन त्रिकोणी संख्यांची बेरीज असते, हे गाऊसने १७९६ मध्ये रोजनिशीत नोंदवले होते.