वेळ कमी, मुलं 118

चंद्रपूर जिल्ह्यातली शाळा. आठवी ते दहावीची 118 मुलं. शालेय आरोग्य तपासणीच्या आमच्या पथकात दोन डॉक्टर, एक नर्सताई, एक औषधनिर्माता. परिपाठ आणि मोठी सुट्टी वजा केली तर हाती चार तास, म्हणजे डॉक्टरच्या वाट्याला एका मुलामागे जेमतेम चार मिनिटं.

नेहमी उंची-वजनाने सुरुवात होते आणि मुलांशी एकेकट्याने बोलणं शेवटी, वेळ उरला तर. तो उरत नाही. त्या दिवशी आम्ही क्रम उलटा केला. वजनकाटा वर्गशिक्षकांकडे. दृष्टीतक्ता व्हरांड्यात, 6 मीटरवर खडूची रेघ मारून, औषधनिर्मात्याकडे. त्याला एकच सांगितलं: डोळा तळहाताने झाकायला लाव, बोटांनी दाबू देऊ नकोस. दाबलेला डोळा उघडला की काही क्षण अंधुक दिसतं आणि चांगल्या नजरेच्या मुलाला चष्म्याची चिठ्ठी जाते. डॉक्टरांनी दार लावलेल्या खोलीत बसायचं, शिक्षक बाहेर.

नववीतली एक मुलगी आली, तिच्या ओठांच्या कडेला पांढरी भुकटी. विचारलं तर म्हणाली, खडू खाते. खडू, माती, कच्चे तांदूळ खावेसे वाटणं ही बहुतेकदा लोह कमी असल्याची खूण. नर्सताईंनी बोट टोचलं, हिमोग्लोबिन 7.4 ग्रॅम. पण बोट गार होतं आणि रक्त यावं म्हणून दाबलं गेलं होतं. दाबलं की पेशींभोवतीचं पाणी रक्तात मिसळतं आणि आकडा खाली येतो. हात चोळून गरम केला, दुसरं बोट टोचलं, पहिला थेंब पुसून टाकला. 7.6. आठच्या खाली म्हणजे तीव्र रक्तक्षय.

"पाळी किती दिवस असते?"

"आठ-नऊ."

"पॅड कितीदा बदलतेस?"

"शाळेत नाही बदलत, मॅडम. संडासात पाणी नसते."

म्हणून ती त्या दिवसांत घरीच राहायची. शाळेत दर सोमवारी मिळणारी लोहाची निळी गोळी? ती खिडकीबाहेर. खिडकीमागच्या गवतात बघितलं, तर मातीत विरघळलेले निळे डाग जागोजाग. यात मुलींचा दोष नाही. दुपारची खिचडी आठवीपर्यंतच मिळते. नववी-दहावीला गोळी प्रार्थनेनंतर, रिकाम्या पोटी दिली जायची. मग मळमळ, आणि पुढच्या सोमवारी गोळी गवतात. 60 मिलिग्रॅम लोहाची ही गोळी डबा खाल्ल्यावर द्यायची, वर एक तास चहा नाही. संडास काळी होते हेही आधी सांगायचं, नाहीतर पोरी घाबरतात.

आमच्या भागात रक्त कमी दिसलं की लोह वाढवण्याआधी सिकलसेलची, म्हणजे तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराची, चाचणी करतो. सिकलसेल असलेल्यांना न तपासता लोहाचा मारा करणं बरोबर नाही. तिची चाचणी निगेटिव्ह आली. आकडा आठच्या खाली असल्याने तिला ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. चिठ्ठीत जास्त रक्तस्रावाचाही उल्लेख केला. तो नसता तर नुसत्या गोळ्या देऊन परत पाठवलं असतं. सौम्य-मध्यम रक्तक्षयाच्या मुलींना रोज दोन गोळ्या, तीन महिने, आणि दर महिन्याला रक्त तपासणं. महिन्यात हिमोग्लोबिन एक ग्रॅमने तरी वाढलं नाही तर पुढे पाठवायचं.

मुलांच्या खोलीत एक दहा सेकंदांची तपासणी होती: स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात घालायची. दहावीतल्या एकाची दोनच गेली. गाल आतून पांढरट, ताठ. तिखट लागलं की आग होते म्हणाला. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याचं घोटलेलं मिश्रण, दोन वर्षांपासून, तोही "तंबाखू कमीच टाकतो". गाल आखडवते ती मुख्यतः सुपारी, बिनतंबाखूचीसुद्धा. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, खर्रा मात्र पानठेल्यावर घोटून मिळतो. त्याला दंतविभागाची चिठ्ठी दिली. वडीलही खातात म्हणाला, म्हणून त्यांनाही बोलावलं.

दिवस संपला तेव्हा 23 मुलांची उंची-वजनं राहिली होती. ती वर्गशिक्षकांनी दोन दिवसांनी घेऊन फोनवर कळवली.