तुम्ही विचारलंत म्हणून: किडनीवर लेझर कशाला?

‘किडनीवर लेझर’ म्हटलं की समोरचा आधी मुतखड्याचं विचारतो. खडे फोडणारा लेझर वेगळा, आमचा त्याच्याशी संबंध नाही, आम्ही लेझरनं उंदरांच्या किडनीतला रक्तप्रवाह पाहतो (‘लेझर स्पेकल इमेजिंग’), एवढं सांगून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला: रक्तप्रवाह डॉपलर सोनोग्राफीत दिसतोच की, मग हा खटाटोप कशाला?

प्रश्न रास्त आहे. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा, म्हणजे मिनिटाला लिटरभर, दोन किडन्यांकडे जातो. डॉपलर धमनीतलं आणि तिच्या मोठ्या फांद्यांतलं दाखवतो. पण पुढे ते रक्त लाखो नेफ्रॉन्समध्ये, म्हणजे रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म घटकांमध्ये, वाटलं जातं, आणि ती वाटणी कशी होते हे त्यावरून कळत नाही.

ती पाहायची तर भूल दिलेल्या उंदराची डावी किडनी कुशीतून बाहेर घेऊन छोट्या वाटीत बसवायची, वर सलाईनचा ओलावा ठेवायचा. लेझर टाकला की तिच्यावर रव्यासारखे बारीक दाणे चमकतात. खालून तांबड्या पेशी धावत असल्यानं ते सतत लुकलुकतात. कॅमेऱ्याच्या काही मिलिसेकंदांच्या फोटोत, जिथे रक्त जोरात तिथे दाणे पुसट. त्या पुसटपणावरून प्रवाहाचा नकाशा तयार होतो. रक्तात रंगद्रव्य सोडावं लागत नाही. फर्चर आणि ब्रायर्स या संशोधकांनी 1981 साली ही युक्ती डोळ्याच्या पडद्यासाठी मांडली होती. पंचाईत एकच: श्वासाबरोबर किडनी हलली तरी दाणे पुसट होतात. त्यामुळे निम्मा वेळ ती स्थिर बसवण्यातच जातो.

एवढं करून दिसतं काय? प्रवाह एकसारखा नसतो, हेलकावतो. नेफ्रॉन आपल्या नळीतलं मीठ तपासून स्वतःकडे येणारी धमनिका (बारीक धमनी) आवळतो किंवा सैल सोडतो. नळीतून द्रव यायला वेळ लागतो, म्हणून निरोप उशिरा पोचतो आणि साधारण तीस सेकंदांचा हेलकावा तयार होतो. एकाच धमनीवरचे शेजारी नेफ्रॉन बऱ्याचदा एका लयीत हेलकावतात. कोपनहेगनच्या संशोधकांच्या गटानं 2011 च्या सुमारास ही लय याच तंत्रानं टिपली. उच्च रक्तदाबाच्या उंदरांत नळीतल्या दाबाची लय विस्कटते, हे त्याआधीच माहीत होतं. माझ्या मते खरी गंमत इथेच आहे.

पण तुमचं क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसेल तर रक्तात साठणारा घटक) वाढलं असेल, तर या चित्रांचा आज तुम्हाला उपयोग नाही. प्रकाश मिलिमीटरभरही आत जात नाही. ऑक्सिजनची सगळ्यात टंचाई असते ती किडनीच्या गाभ्यात, आणि तिथलं पाहायला एमआरआयसारखी दुसरी साधनं लागतात.